तेलविहिरीची कुवत आणि चिखलाची साक्ष

बेंगळुरूच्या कोरमंगला भागात खनिज तेल सापडणार नाही, हे भूशास्त्राचा कोणताही विद्यार्थी खात्रीने सांगेल. तिथल्या इमारती, कंपन्यांची कार्यालये आणि उपाहारगृहे ज्या खडकावर उभी आहेत, तो नाइस नावाचा रूपांतरित खडक सुमारे ३०० कोटी वर्षे जुना आहे. लालबागेतल्या टेकडीवर तो उघडा पाहायला मिळतो आणि ती टेकडी राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून जपलेली आहे. या खडकाच्या अंगात छिद्रे जवळजवळ नाहीत. जे काही पाणी असते ते त्याच्या भेगांत. त्यामुळे एकाच गल्लीतल्या दोन बोअरवेलपैकी एकीला भरपूर पाणी लागते आणि दुसरी हजार फुटांवरही कोरडी राहते. २०२४ च्या उन्हाळ्यात शहरातल्या १३,९०० सरकारी बोअरवेलपैकी जवळपास ६,९०० आटल्याचे कर्नाटकचे उपमुख्यमंत्री डी. के. शिवकुमार यांनी सांगितले होते. तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून दक्षिणेत सगळीकडे फिरणारे बोअरचे ट्रक अशा खडकात दाबाच्या हवेवर हातोडा चालवतात आणि तीच हवा खडकाचा भुगा वर उडवते. भुग्याचा रंग बदलला का, कोरडी धूळ येता येता ओला चुरा येऊ लागला का, हातोड्याचा आवाज बदलला का, यावर खोदणाऱ्याचे लक्ष असते. पाणी लागले की ते खाचेच्या पट्टीवरून वाहू देऊन ‘दीड इंच लागले’ की ‘तीन इंच’ हे तिथल्या तिथे ठरते. विहिरीची कुवत खालून वर आलेल्या वस्तूंवरून ओळखण्याची ही पद्धत आपल्याकडे शेतकऱ्यांनाही ओळखीची आहे.

तेलविहिरीतही मूळ युक्ती हीच आहे, पण एका गोष्टीने सारे चित्र पालटते. बोअरवेलमध्ये खडक मोकळा असतो. भेग लागली की पाणी विहिरीत शिरते, हवेबरोबर वर येते आणि स्वतःचे माप देते. तेलविहिरीत ही मोकळीक देता येत नाही. दोन किलोमीटर खोलीवरच्या थरातल्या वायूवर साधारण वातावरणाच्या २०० पट दाब असतो. त्याला वाट मिळाली तर तो माणसे आणि रिग, म्हणजे खोदाईची यंत्रणा, यांची पर्वा करत नाही. १९८२ मध्ये मुंबईच्या समुद्रात ‘सागर विकास’ रिगवर झालेला ब्लोआउट, म्हणजे विहिरीचा अनियंत्रित उद्रेक, आणि १९९५ मध्ये आंध्र प्रदेशातल्या पासरलापुडीला दोन महिने धगधगत राहिलेली विहीर यांची आठवण या क्षेत्रातल्या लोकांना आजही आहे. म्हणून विहीर खोदताना ती जड चिखलाने भरून ठेवतात. व्यवसायात त्याला ‘मड’ म्हणतात. पाण्यात बेंटोनाइट माती कालवलेली असते. भारतात ती मुख्यतः कच्छमधून येते. वजन वाढवायला बॅराइट घालतात, ज्याचा जगातल्या मोठ्या साठ्यांपैकी एक आंध्र प्रदेशातल्या मंगमपेटला आहे. हा चिखल पोकळ ड्रिल पाइपातून खाली जातो, टोकाला दगड फोडणाऱ्या बिटच्या तोंडातून बाहेर पडतो, बिट थंड ठेवतो, दगडाचा चुरा उचलतो आणि पाइप व विहिरीची भिंत यांमधल्या फटीतून वर येतो. तो दह्यासारखा वागतो: ढवळत राहिले की पातळ, थांबले की घट्ट. त्यामुळे पंप बंद असतानाही चुरा तळाशी बसत नाही. त्याचे सर्वांत महत्त्वाचे काम मात्र दाबाचे आहे. पाण्याच्या १.२ पट जड चिखल २,००० मीटर खोलीवर सुमारे २३५ बार दाब देतो. नुसते पाणी १९६ बार देईल. या ४० बारांच्या वरचढपणामुळे थरातले तेल आणि वायू जागच्या जागी दाबून धरले जातात.

थोडक्यात, ज्या थराची कुवत जोखायची आहे त्याचेच तोंड आपण सुरक्षिततेसाठी बंद केलेले असते. मग त्याच्याविषयी काही कळणार कसे? उत्तर असे की बिटने फोडलेल्या दगडात जे होते ते चिखलाबरोबर वर येतेच. त्यातल्या प्रत्येक मीटरचा पुरावा आपल्या हाती पडतो, तोही विहीर पूर्ण होण्याच्या आधी. या पुराव्याविषयी तेलउद्योगात दोन टोकाची मते आहेत. कुणी त्याला विहिरीची हमी समजतो आणि वायूचा आकडा उसळला की तेल सापडल्याचे जाहीर करायला निघतो. कुणी तो सुरक्षेपुरता उपयोगी, मूल्यमापनाला निरुपयोगी मानतो. दोन्ही मते चुकीची आहेत, असे या लेखाचे म्हणणे आहे. चिखलाची माहिती शेवटचा निकाल देत नाही, पण ती पहिली आणि सलग साक्ष आहे. ही साक्ष कशा परिस्थितीत घेतली गेली, याची नोंद सोबत असेल तर विहिरीच्या कुवतीविषयी ती इतर कोणत्याही साधनाने न कळणाऱ्या गोष्टी सांगते. ती नोंद नसेल तर उरतात ते निव्वळ आकडे.

हे काम करणाऱ्याला ‘मड लॉगर’ म्हणतात आणि ही सेवा व्यावसायिक स्वरूपात अमेरिकेत १९३९ मध्ये सुरू झाली. त्यानंतर ३५ वर्षांनी, फेब्रुवारी १९७४ मध्ये, जपानमध्ये बांधलेल्या ‘सागर सम्राट’ या ओएनजीसीच्या रिगने मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर मुंबई हाय या क्षेत्रात तेल शोधले. तिथली भूगर्भरचना साठच्या दशकात सोव्हिएत आणि भारतीय तज्ज्ञांच्या भूकंपीय सर्वेक्षणात हेरली गेली होती. २१ मे १९७६ रोजी तिथून उत्पादन सुरू झाले आणि पुढे ‘सागर सम्राट’चे चित्र एक रुपयाच्या नोटेवरही आले. मुंबई हायचे मुख्य तेल मायोसीन काळातल्या चुनखडकात आहे आणि त्या चुनखडकाच्या थरांमध्ये शेल या मातीच्या खडकाच्या पातळ पट्ट्या आहेत. अशा क्षेत्रात मड लॉगरचे काम कसे चालते हे जवळून पाहण्यासारखे आहे. वर आलेला चिखल प्रथम शेल शेकरवर, म्हणजे थरथरणाऱ्या जाळ्यांवर पडतो; चिखल खाली गळतो आणि दगडाचे कण वर राहतात. ठरावीक मीटरांनी त्यांचा नमुना उचलून धुतात, चाळतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की चुनखडक जोरात फसफसतो, डोलोमाइट मंद, आणि शेल बहुधा गप्प राहतो. मग तोच नमुना अतिनील दिव्याखाली धरतात. तेल असेल तर कण पिवळे, सोनेरी किंवा निळसर चमकतात. साधारणपणे तेल जितके हलके तितकी चमक निळसर-पांढरी. शेवटी कणांवर द्रावक टाकून तेल ओघळते का, ओघळले तर लगेच की हळूहळू, आणि सुकल्यावर कोणता डाग ठेवते हे पाहतात. लगेच ओघळणारे तेल आपसांत जोडलेल्या छिद्रांची खूण देते, हळू ओघळणारे घट्ट खडकाची. यातली प्रत्येक चाचणी साधी आहे, पण खडकाचा खरा तुकडा डोळ्यांसमोर ठेवून होणारी आहे.

पुरावा हाती आला तरी तो कोणत्या खोलीचा हा प्रश्न उरतोच. बिटने दगड फोडला तो क्षण आणि तो दगड शेकरवर पडला तो क्षण यांत बराच वेळ जातो. त्याला ‘लॅग टाइम’ म्हणतात. हिशेब करून पाहू. साडेआठ इंची विहिरीत पाच इंची पाइप असेल तर दोघांमधल्या फटीत दर मीटरला सुमारे २४ लिटर चिखल मावतो. २,००० मीटर खोलीवर हे ४८,००० लिटर होतात. पंप मिनिटाला १,६०० लिटर ढकलत असेल तर तळाचा दगड वर यायला ३० मिनिटे लागतील. खोदाई ताशी १० मीटरने चालू असेल तर तेवढ्यात बिट आणखी पाच मीटर खाली गेलेला असेल. आता समजा भिंतीचा मऊ शेल ढासळून विहीर सर्वत्र दहा इंची झाली. मग दर मीटरला ३८ लिटर मावतात आणि तोच दगड यायला साडेसत्तेचाळीस मिनिटे लागतात. जुन्या हिशेबावर चालणारा माणूस तो दगड जवळपास तीन मीटर खालचा समजून बसेल. पातळ थरांच्या क्षेत्रात तीन मीटरांची चूक म्हणजे शेलला तेलाचा थर आणि तेलाच्या थराला शेल ठरवणे. ही चूक टाळायला एक साधी युक्ती वापरतात: पाइप जोडताना त्यात कॅल्शियम कार्बाइडची पुडी टाकतात. आंबे पिकवण्यासाठी बदनाम झालेले हेच कार्बाइड पाण्याशी संयोग पावून अ‍ॅसिटिलीन वायू देते. तो वर यंत्रावर उमटला की फेरीला प्रत्यक्ष किती वेळ लागतो हे कळते. त्यातून पाइपाच्या आतून खाली जाण्याचा वेळ वजा केला की खरा लॅग मिळतो. गणिती लॅग आणि कार्बाइडचा लॅग यांतला फरक हीसुद्धा माहितीच असते, कारण विहिरीची भिंत किती खचली आहे हे त्यातून समजते.

चिखलातली सर्वांत बोलकी वस्तू मात्र वायू. वर येणाऱ्या चिखलाच्या वाटेवर एक फिरते पाते बसवलेले असते. त्याला गॅस ट्रॅप म्हणतात. ते चिखल घुसळते, सुटलेला वायू नळीने केबिनमध्ये जातो आणि तिथे एकूण वायू किती आणि त्यात कोणते घटक किती हे मोजले जाते. या आकड्याचा अर्थ लावण्यासाठी पुन्हा हिशेबाकडे यावे लागते. साडेआठ इंची विहीर एक मीटर खोदली की सुमारे ३६ लिटर दगड फुटतो. त्यात २० टक्के छिद्रे असतील आणि छिद्रांपैकी ७० टक्के भाग वायूने भरलेला असेल तर खाली सुमारे पाच लिटर वायू मोकळा होतो. वर येता येता दाब २०० पटींनी उतरतो आणि तोच वायू साधारण हजार लिटर होतो. ताशी १० मीटर वेगाने एक मीटर खोदायला सहा मिनिटे लागतात. तेवढ्यात पंपातून ९,६०० लिटर चिखल गेलेला असतो. म्हणजे दर दहा लिटर चिखलामागे जवळपास एक लिटर वायू. खोदाईचा वेग दुप्पट केला तर त्याच थरातून त्याच चिखलात वायूचे प्रमाण दुप्पट दिसेल. विहीर साडेआठऐवजी सव्वाबारा इंची असेल तर तेही जवळपास दुप्पट. थर तोच, कुवत तीच, आकडा मात्र दुप्पट किंवा चौपट. म्हणूनच खोदाईचा वेग, विहिरीचा व्यास आणि पंपाचा प्रवाह यांचा हिशेब लावून समपातळीवर आणलेला वायूचा आकडाच तुलनेला घ्यावा, कच्चा आकडा नव्हे. वायू वाढला आणि वेगही वाढला एवढ्याने काहीच सिद्ध होत नाही. वेग हिशेबात घेऊनही वायू वाढलेला दिसला, तरच थराकडे लक्ष द्यावे.

वायू किती याहून वायू कोणता, हा प्रश्न अधिक भरवशाचा. खनिज तेलाच्या थरातून मिथेनबरोबर इथेन, प्रोपेन, ब्युटेन आणि पेंटेन येतात. कोरड्या वायूच्या थरातून जवळजवळ निव्वळ मिथेन. १९६९ मध्ये पिक्सलर यांनी या घटकांच्या गुणोत्तरांची पट्टी मांडली: मिथेन आणि इथेन यांचे गुणोत्तर साधारण २ ते १५ असेल तर तेल, १५ ते ६५ असेल तर वायू, आणि दोन्ही टोकांपलीकडे उत्पादनाची आशा कमी. पुढे १९८५ मध्ये हॉवर्थ आणि सहकाऱ्यांनी ‘ओलेपणा’ हे माप सुचवले, म्हणजे एकूण वायूत मिथेनखेरीज इतर घटकांचा टक्का. तो साडेसतरा ते चाळीसच्या दरम्यान असला तर तेल संभवते. चाळीसच्या वर गेला तर जागेवरच अडकून राहिलेले, न वाहणारे तेल असण्याची शक्यता वाढते. समजा एका थरातून दहा लाख भागांत ८,००० मिथेन, १,००० इथेन, ६०० प्रोपेन, ३०० ब्युटेन आणि १०० पेंटेन आले. ओलेपणा २० टक्के आणि मिथेन-इथेनचे गुणोत्तर ८. दोन्ही मापे तेलाकडे बोट दाखवतात. आता दुसऱ्या थरातून पाचपट वायू आला, पण त्यात ९९ टक्के मिथेन असेल, तर आलेखावर उंच उसळी दुसऱ्याची दिसेल आणि तेल मात्र पहिल्यात असेल. गुजरातच्या खंबात खोऱ्यात खोलवर कोळशाचे थर आहेत. कोळसा बिटखाली आला की मिथेन धो धो येतो, पण त्याला तेलाचा साठा म्हणता येत नाही. शेकरवरच्या काळ्या तुकड्यांनी हा गैरसमज तत्काळ दूर होतो. म्हणून वायूचा आलेख आणि दगडाचा नमुना एकमेकांपासून कधीही तोडू नयेत.

पहिला गंभीर आक्षेप इथेच येतो. इतक्या गोष्टी आकडा बदलत असतील तर त्यावर विश्वास कसा ठेवायचा? आक्षेपाला आधार आहे. पाइप जोडण्यासाठी पंप थांबला की तळाचा दाब किंचित उतरतो आणि थरातून वायूचा घोट सुटतो. तो नव्या थराचा वायू नसतो. वर आलेला वायू टाकीत पूर्ण न सुटता पुन्हा पंपाने खाली गेला तर एका फेरीनंतर तोच दुसऱ्यांदा हजेरी लावतो. तेलावर आधारलेला चिखल वापरला तर वायू त्यात विरघळून राहतो आणि चमकीची चाचणी निकामी होते. हिऱ्याच्या दातांचा बिट दगडाची पूड करतो आणि घर्षणाच्या उष्णतेने कधी चिखलातलेच पदार्थ तोडून इथिलीनसारखे वायू तयार करतो, जे थरात मुळात नव्हते. सर्वांत फसवी गोष्ट अशी की चिखलाचा दाब फार वरचढ असेल आणि खडक उत्तम असेल, तर चिखलातले पाणी बिटच्या पुढेच थरात घुसून तेल-वायू मागे लोटते. अशा वेळी सर्वांत चांगला थर सर्वांत कमी वायू दाखवतो आणि शेजारचा घट्ट थर जास्त. मग हा पुरावा टाकून द्यायचा का? नाही. यातल्या प्रत्येक विकृतीला स्वतःची खूण आहे. पाइप जोडणीचा वायू बरोबर लॅगच्या अंतराने, अरुंद शिखराच्या रूपात येतो. फिरून आलेला वायू एका फेरीच्या अंतराने, पसरट आणि जड घटकांकडे झुकलेला दिसतो. इथिलीनची उपस्थितीच सांगते की बिटने वायू शिजवला आहे. उत्तम पण धुऊन निघालेला थर वायूत गप्प असला तरी खोदाईच्या वेगात, चुऱ्यातल्या मोकळ्या कणांत, चिखलाच्या किंचित घटीत आणि पाइप बाहेर काढून परत घातल्यावर येणाऱ्या वायूत बोलतो. साक्षीदार एखाद्या ठिकाणी चुकतो म्हणून कोणी त्याची साक्ष फाडून टाकत नाही, उलटतपासणी करतात. अट एकच: उलटतपासणीला लागणाऱ्या नोंदी जपलेल्या हव्यात.

दुसरा आक्षेप आधुनिक साधनांचा. विहिरीत विद्युतरोध, किरणोत्सारिता, घनता आणि ध्वनीवेग मोजणारी उपकरणे उतरवता येतात. १९२७ मध्ये फ्रान्समधल्या पेशेलब्रॉनला श्लुंबर्जे बंधूंच्या पद्धतीने पहिला विद्युत आलेख काढला गेला, तेव्हापासून हे तंत्र वाढतच आहे. आता तर ही उपकरणे बिटच्या मागे बसवून खोदतानाच मोजमाप होते. मग चिखल कशाला? या उपकरणांचे मोल वादातीत आहे; छिद्रे किती आणि त्यात पाणी किती हे ती चिखलापेक्षा कितीतरी नेमके सांगतात. पण ती तेलाला स्पर्श करत नाहीत, तेलाचा तर्क करतात. खारट पाणी वीज वाहते आणि तेल वाहत नाही, यावर त्यांचा पाया आहे. आर्ची यांनी १९४२ मध्ये वालुकाश्मासाठी मांडलेले समीकरण आजही त्याचा कणा आहे. थरातले पाणी गोडे असेल तर तेही तेलासारखे दिसते. थर फार पातळ असतील किंवा त्यात माती जास्त असेल तर तेल असूनही रोध कमी दिसतो आणि थर हातचा जातो. चिखलातला प्रोपेनचा रेणू मात्र तर्क नसतो. तो खालून आलेला खरा पदार्थ असतो. मुंबई हायमध्ये चिखलाच्या साक्षीला महत्त्व देण्याचे एक खास कारण आहे. तिथे चुनखडकाच्याही खाली, क्षेत्राच्या तळखडकात, म्हणजे बेसाल्ट आणि नाइससारख्या खडकांत, भेगांमध्ये तेल सापडले आहे. कोरमंगलाच्या जमिनीखाली पाणी जसे भेगांत राहते तसेच हे तेल राहते. अशा खडकाचा विद्युतरोध मुळातच प्रचंड असतो, छिद्रे नगण्य असतात आणि वालुकाश्मासाठी बनवलेले समीकरण तिथे लंगडे पडते. जर्मनीत बव्हेरियातल्या केटीबी प्रकल्पात १९९० ते १९९४ दरम्यान नाइस आणि तत्सम खडकांत ९,१०१ मीटर खोल विहीर खोदली गेली. तिथे तेलाचा प्रश्नच नव्हता, तरी चिखलातल्या मिथेन, हेलियम अशा वायूंची सतत नोंद ठेवली गेली आणि त्या उसळ्यांवरून द्रव वाहणाऱ्या भेगा कोणत्या खोलीवर आहेत हे ओळखता आले. तळखडकात जिथे उपकरणांचा तर्क कमजोर होतो, तिथे वायू आणि चिखलाची घट ही पहिल्या दर्जाची साक्ष ठरते.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. तेल आहे हे कळले, कोणते ते कळले. पण विहीर रोज किती देईल हे चिखल कुठे सांगतो? हे खरेच तो पूर्णपणे सांगू शकत नाही. उत्पादन ठरते थराची जाडी, छिद्रांची आपसांतली वाट म्हणजे पार्यता, तेलाचा दाटपणा आणि थरातला दाब यांवर. यांतले एकही चिखलाच्या नोंदीत थेट मोजलेले नसते. त्यासाठी थराला मर्यादित वेळ वाहू देणारी चाचणी घ्यावीच लागते, आणि शेवटचा शब्द तिचाच. तरीही चिखलाकडे वाहतेपणाच्या दोन खुणा आहेत. एक म्हणजे घट: टाकीतला चिखल कमी होऊ लागला तर तो कोणत्या तरी वाटेने थरात जातो आहे, आणि चिखल ज्या वाटेने आत जातो त्या वाटेने तेल बाहेर येऊ शकते. दुसरी वाढ: टाकीत चिखल वाढू लागला तर थर आत ढकलतो आहे, हा धोक्याचा इशारा तर आहेच, पण थर वाहता असल्याची कबुलीही आहे. एकच आकडा सुरक्षा अधिकाऱ्याला आणि भूशास्त्रज्ञाला वेगवेगळे सांगतो, म्हणून ‘ही माहिती सुरक्षेपुरती’ हे म्हणणे टिकत नाही. इथेही संदर्भ लागतोच. पन्नास वर्षे उपसलेल्या मुंबई हायच्या थरांत दाब उतरलेला आहे. तिथे चिखलाची मोठी घट वाट मोकळी असल्याचे सांगते, पण त्या वाटेवर ढकलणारा दाब उरला आहे असे सांगत नाही. आणखी एक व्यवहाराची बाजू: प्रत्येक थराची प्रवाह चाचणी घेणे समुद्रातल्या रिगच्या भाड्यात परवडत नाही. शंभर मीटरांतल्या कोणत्या पाच मीटरांची चाचणी घ्यायची हे ठरवावे लागते. चिखलाची नोंद हा निर्णय आधीच अरुंद करून ठेवते. चाचणीची जागा चुकीची निवडली तर अत्युत्तम चाचणीसुद्धा चांगल्या विहिरीला कोरडी ठरवेल.

इथून आपण आजच्या प्रश्नाकडे येतो. दर काही सेकंदांना नोंदले जाणारे चिखलाचे आकडे आता संगणकाला खाऊ घालून त्याच्याकडून थराची कुवत वदवून घ्यायचे प्रयत्न जगभर चालू आहेत. कोरमंगलासारख्या भागात विदेचे काम करणाऱ्या तरुण पिढीला, त्यात मराठी माणसे भरपूर आहेत, हे काम आकर्षक वाटेल आणि वाटावे. भारतात त्यासाठी कच्चा माल आहे. हायड्रोकार्बन महासंचालनालयाने २०१७ मध्ये राष्ट्रीय विदा भांडार सुरू केले आणि देशातल्या सर्वेक्षणांची व विहिरींची माहिती एका ठिकाणी जमवायला घेतली. ओएनजीसीच्या पनवेलच्या संस्थेत, पुण्यातल्या तेलसेवा कंपन्यांच्या तंत्रज्ञान केंद्रांत या विषयाची जाण असलेली माणसे आहेत. पण इथेही तोच धोका आहे. संगणकाला वायूचा आकडा दिला आणि खोदाईचा वेग, चिखलाचे वजन, पंपाचा प्रवाह, बिटचा प्रकार, गॅस ट्रॅपची जागा व स्थिती आणि लॅग कसा काढला हे दिले नाही, तर तो थराची कुवत न शिकता ड्रिलरच्या सवयी शिकेल. एका क्षेत्रात वेगवान खोदाई आणि चांगले थर योगायोगाने एकत्र आले असतील तर संगणक वेगालाच तेल समजेल, आणि दुसऱ्या क्षेत्रात सपशेल फसेल. जितकी विदा जास्त, तितका हा भ्रम अधिक आत्मविश्वासाने मांडला जाईल. हा दोष गणिताच्या कौशल्याने भरून निघत नाही, कारण जी परिस्थिती नोंदलीच गेली नाही ती कोणत्याही सूत्रातून परत मिळत नाही.

म्हणून मागणी अगदी ठोस असायला हवी. प्रत्येक विहिरीची चिखलाची नोंद जपताना तिच्यासोबत ती कशी घेतली याची नोंद त्याच फाइलमध्ये, त्याच खोलीच्या पट्टीवर जपली पाहिजे. कच्चे आकडे आणि सुधारलेले आकडे दोन्ही ठेवले पाहिजेत. कार्बाइड चाचण्यांच्या वेळा, ट्रॅप बंद पडल्याचे तास, चिखलात डिझेल किंवा इतर तेल मिसळल्याच्या तारखा या किरकोळ शेऱ्यांना पुराव्याचा दर्जा दिला पाहिजे. दगडाचे नमुने फेकून न देता साठवले पाहिजेत, कारण आजचा आलेख उद्या शंकास्पद ठरला तर फिरून पाहायला तेवढेच उरते. आपण कच्च्या तेलाच्या गरजेपैकी ८५ टक्क्यांहून अधिक आयात करतो. नव्या क्षेत्रांचा शोध महाग आहे आणि अनिश्चितही. जुन्या विहिरींत, विशेषतः मुंबई हायसारख्या थरांच्या आणि भेगांच्या क्षेत्रात, पहिल्या खोदाईत नजरेतून सुटलेले थर असू शकतात, आणि त्यांची पहिली खूण त्या वेळच्या चिखलाच्या नोंदीत असण्याची शक्यता सर्वाधिक आहे. त्या नोंदी नीट वाचण्याजोग्या असतील तर एका विहिरीच्या खर्चात दुसरी विहीर मिळाल्यासारखे होईल; नसतील तर पुन्हा रिग उभा करून, पुन्हा तेच थर फोडून, तेच प्रश्न नव्याने विचारावे लागतील.